चिन्नोरची पोती

हॅलो?… हॅलो?… कोण आहे?… जोरानं बोल, नुसती घरघर येऊन राहिली…

हां, नीतू! बोल वं. शामकलाच बोलून राहिली, तुझी ताई. आवाज नाही ओळखला? …घसा बसला आहे. सकाळपासून धूळ खाऊन राहिली मी, आवाज कुठून येईल?

…केव्हापासून लावून राहिली? …लागंल कसा? तुमच्या फुलचूरवरून आपल्या गावाले एसटीडी लागणं म्हणजे लॉटरी लागणं. लागला ना आता, मंग सांग.

…प्राची? झोपली आहे. मधल्या खोलीत, आजीजवळ. दोघींनी नव्या दिवाणावर ताणून दिली. …नाही, आता नाही उठवत मी. बाहेर ऊन पाहिलं का तू? उठली का विहिरीवर जाऊ दे, रानातली टेंभरं खायले आणून दे, माझं डोकं खाते. झोपू दे पोरीले. …बोलशील ना, चहाच्या वेळेले बोलशील. मामाच्या गावाले आली आहे तुझी पोरगी, जेलात नाही टाकली तिले.

तुझ्या सासूच्या डोळ्याची पट्टी निघाली का? …बरं झालं. म्हणूनच म्हटलं पोरीले राहू दे अठी. तुले दवाखाना अन् पोरगी, दोन्ही नसतं जमलं. …कायले काळजी करून राहिली? अठी आई आहे, मी आहे. मी काय परकी आहे का तिले?

…अवं ऐक ना, घराचं तर ऐक! तू पाहिलं तर ओळखणार नाही. खरंच. मी सासरवरून, चिचगडवरून आली तेव्हा दारातून आत जायले वाट नव्हती, अन् आता सपरीत, दारापुढच्या ओसरीत, क्रिकेट खेळावं असं झालं. चुना मारला, फरशी घासली, तो जुना पलंग मोडून जळणात टाकला. …हव, एकटीच. मंदाबाई आली हाताखाली. शेजारची वं, चैतरामची बायको. तू तर येणार नव्हती, मंग कोणाले बोलावू?

…टोमणा नाही मारला. खरं ते बोलली.

…उद्याच येऊन राहिले ना पाहुणे, तिरोड्याचे. घर पाहायले. मले टेन्शन आहे म्हणून तर सफाई काढली. मागच्या वर्षीचे तुमसरवाले आठवतात ना तुले? आपल्या भावासारखा, भुवनसारखा पोरगा, निर्व्यसनी, शेती आहे, इटियाडोह धरणाचं पाणी बांधापर्यंत येते, अन् तो पोरीचा काका समोरच्या सपरीत उभा राहून का म्हणाला? "आमची पोरगी कुठं बसवाल, पोत्यावर?" …हव, असंच म्हणाला. माझ्या कानानं ऐकलं मी. चहासुद्धा अर्धा ठेवून उठले. भुवन त्या दिवशी जेवला नाही. आपल्या आईनं त्याले ताट वाढून ठेवलं, ते तसंच राहिलं. मले अजून ते ताट दिसते.

…तेच म्हणून राहिली ना मी. यावेळी कसम खाल्ली. आपल्या घरात एक पोतं दिसणार नाही.

…आईचं का विचारते! आईनं का का जपून ठेवलं आहे, तू ऐकशील तर हसशील. बूड गेलेले डबे. बिना दांडीच्या छत्र्या. तो रेडिओ, त्यात उंदरानं घर केलं होतं. बैल विकले त्याले जमाना झाला, घुंगरमाळा खुंटीवर तशाच. प्राचीचं बाळंतपणातलं दुपटंसुद्धा निघालं. …नाही वं, ते नाही फेकलं. धुऊन वाळू घातलं. ते मीच नेईन, बास.

…बाबाची खुमरी?

…हव, काढली. …फेकली नाही म्हणते ना! फेकली कोण म्हणालं तुले? ढोरांच्या कोठ्यात टांगली. बांबूच्या काड्या निघाल्या होत्या तिच्या, वरची पानं झडून राहिली होती. आता का पावसात ती डोक्यावर घालून रोवणीले जाणार कोणी? …नीतू. नीतू, रडायचं काम नाही. तुझेच बाबा होते, माझे नव्हते का? ती हातात घेऊन मी किती वेळ बसली होती, आईले विचार. बिडीचा वास येते अजून तिले. मलेही वाईट वाटते, पण भिंतीवर खुमरी पाहून ते तिरोडेवाले पुन्हा नाक मुरडतील त्याचं का?

…बरं. बरं बाई. पाहुणे गेले का लावते परत जागेवर. …हव, कसम.

…ढोलीही मोडली. …धानाची ढोली वं, सपरीतली. अर्धी सपरी तिनंच खाल्ली होती. शेणानं लिपून लिपून दगडासारखी झाली होती, कुऱ्हाडीनं फोडावी लागली. आई उठून विहिरीवर जाऊन बसली. पाहवलं नाही तिले. …नाही, रागावली नाही. आई रागावते कुठं? "राहू दे वं" म्हणते अन् गप्प बसते. डबा राहू दे, छत्री राहू दे, ढोली राहू दे. शेवटी मी म्हटलं, आई, सगळंच राहू दिलं तर सुनेले कुठं राहू देशील?

…हसली ना? आईही हसली.

…अन् दिवाण तर पाहायसारखा आहे. भुवननं गोंदियावरून आणला तो, पेटीवाला. तुझ्या घरी आहे तसाच, पण मोठा. वरची फळी उचलली का खाली हा एवढा खड्डा! किती माल मावते त्यात, अवं! रजया गेल्या, पितळेची भांडी गेली, तरी जागा उरली. मंग मी चिन्नोरची पोती घातली त्यात.

…चिन्नोर वं, लग्नाचे तांदूळ. मिलातून काढून ठेवले ना भुवननं, यंदा जमंलच म्हणून, पंगतीसाठी? त्या शहाण्यानं ती पोती कोठ्यात ठेवली होती, ताडपत्री झाकून. गाईच्या शेजारी लग्नाचे तांदूळ! …तेच ना. पाहुणे आधी कोठ्यातच डोकावतात, ढोरं किती आहेत ते पाहायले. भुवन सकाळी गोंदियाले निघाला अन् मी अन् मंदाबाईनं उचलली एकेक. जड होती, पाठ धरली माझी. पण बसली बरोबर. वरून फळी, फळीवर गादी, गादीवर ती फुलांची चादर. कोणाचा बाप आला तरी सांगू शकणार नाही का खाली तांदूळ आहे.

…आई? आईनं म्हटलं ना. "राहू दे वं तठीच, भुवननं ठेवली आहेत…" पुढं काहीतरी बोलून राहिली होती. मी म्हटलं, झालं तुझं सुरू? तू जा, पोरीले जेवू घाल.

…थकल्यासारखा आवाज येते? थकणार नाही तर का. डोकं दुखून राहिलं थोडं. …जेवली ना. म्हणजे दोन घास. पोटात कसंतरी होऊन राहिलं, मळमळ. ऊन बाधलं असंल. लिंबू-पाणी घेते.

…हव, हव… घेते म्हटलं ना.

फक्त एक गोष्ट नाही जमून राहिली, नीतू. वास. …मधल्या खोलीत वं. दुपारपासून येऊन राहिला. …कसा सांगू? लसणासारखा. चांगला लसूण नाही, सडका. मासोळी ठेवून विसरलो का येते ना, तसाही येते मधूनच. मले वाटलं आईनं कुठं लसणाची जुडी दडवली. सगळे कोपरे पाहिले. मंग वाटलं उंदीर मेला असंल, ढोली मोडली तर घरभर पळाले ना ते. अन् होताच एक, दिवाणाच्या पायाजवळ, मरून पडलेला. शेपटीले धरून फेकला बाहेर. तरी वास तसाच.

…फिनाईल टाकलं ना! बादलीभर पाणी, त्यात फिनाईल, सगळ्या फरशीवर ओतलं. दिवाणाखाली तर आणखी ओतलं. …ओलं झालं तर होऊ दे, फळ्या वाळतील उद्यापर्यंत. उलट थंड झाली खोली. लाईट सकाळपासून नाही, लोडशेडिंग. पंखा नाही, कूलर नाही. म्हणून खिडकीले ओली चादर बांधली, दार गच्च लावून घेतलं. झळ बिलकुल येत नाही आत. गुहेसारखी थंडगार झाली खोली. म्हटलं, झोपा आता दोघी.

अन् फिनाईल कसं भारी आहे सांगू? झुरळं! दिवाणाखालून निघाली अन् आपोआप उलटी पडली. मी नुसती झाडूनं गोळा केली. एक पालही पडली वरून, धपकन. तुझ्या फुलचूरच्या घरात एवढी सफाई…

…का?

…काऊन विचारते?

…पोरीले काही नाही झालं. …म्हणजे उलटी झाली एकदा. आता मधात, झोपेतून उठून. सकाळी टेंभरं खाल्ली ना पोटभर, मंदाबाईच्या पोट्ट्यांसंग, तीच बाहेर पडली. मी म्हटलं, निघून गेलं ते बरं झालं. तोंड पुसलं, परत निजवली. …रडली थोडी. "मावशी, डोकं दुखते" म्हणाली. मंग झोपली चुपचाप.

…तुले कायले सांगायचं होतं? तू तठून का केलं असतं? पोरांले होते उलटी. तू आंबे खाऊन कमी उलट्या केल्या का, बाबाच्या धोतरावर?

…आईले उलटी नाही झाली. डोकं जड आहे म्हणाली. छातीवर कोणी बसल्यासारखं वाटते म्हणाली. मी म्हटलं, झोप, दिवसभर माझ्या मागंमागं फिरून राहिली… नीतू, आई दुपारची कधी झोपते का? तूच सांग. जन्मात नाही झोपली. आज पाय पसरून झोपली. मले तर बरं वाटलं. म्हटलं, लेक आली म्हणून एक दिवस तरी पाठ टेकली माझ्या आईनं.

…जेवणं झाली तेव्हापासून. …नाही, अजून नाही उठल्या. आवाजही नाही.

…आवाज नाही म्हणजे, झोपेत का गाणं म्हणतील?

…अवं, तू घाबरवून राहिली मले आता. …मेलेल्या झुरळांचं का करते, झुरळंच ती! …वासाचं मले का माहीत? …दार उघडलं का आगीसारखी झळ येईल आत… बरं. बरं, उघडते. उघडते म्हणते ना, ओरडू नको. पाहूनही येते पोरीले. थांब, ठेवू नको फोन…

…का? …कोण आलं?

…भुवन? गोंदियावरून तुझ्याकडं आला? मंग दे ना त्याले, आधी पडद्याचं विचारते. तुझ्यापेक्षा त्याच्याशी बोलणं सोपं.

हां, भुवन. पडदे घेतले का गा? …कोणता रंग? …चालते. मिठाई आज नको घेऊ, उन्हात खराब होते. अन् ऐक, तुझी ती पोती काढली मी कोठ्यातून. असं कोणी ठेवते का? डोकं आहे का नाही तुले?

…कोणती म्हणजे? चिन्नोरची.

…दिवाणात. नव्या दिवाणात, मधल्या खोलीत. …काऊन ओरडून राहिला? एक दाणा सांडला नाही.

…गोळ्या?

…कसल्या गोळ्या?

…किड्याच्या. धानात टाकतात त्या. …काल टाकल्या? तांदळात? …मले कशा दिसतील, मी का पोती उघडून पाहिली? …फडक्यात बांधून. मधोमध. हव… हव.

…आईले सांगितलं होतं तू? पोत्यांले हात लावू नका, घरात आणू नका…

…म्हणाली ती. "राहू दे" म्हणाली. "भुवननं ठेवली आहेत" म्हणाली. पुढचं मी बोलूच दिलं नाही तिले. मले वाटलं, तिचं नेहमीचंच…

…पण ते तर किड्यासाठी आहे ना गा? माणसाले का होते त्याचं? …खाल्लं तर ना? कोणी खाल्लं नाही… 

…हवा? …गोळीची विषारी हवा निघते? …वास? लसणासारखा. हव, भुवन. हव, तोच वास. दुपारपासून तोच वास. …पाणी… पाणी टाकलं मी. खाली, भरपूर टाकलं. …पाण्यानं आणखी निघते ती हवा? …बंद आहे. दार बंद आहे, खिडकीही.

…आई आहे आत. अन् प्राची.

…हव. दिवाणावरच. …हव, बाहेर काढते. तोंडात काही नाही देत.

…

मंदाबाई!… अवो मंदाबाई! धाव वो!… दार… दार ढकल, दोन्ही पल्ले!… पदर लाव तोंडाले… खिडकीची चादर ओढ, फाड ती!… प्राची! ए प्राची! उठ वं माझी बाई… डोळे उघड… धर, मंदाबाई, हिले धर, अंगणात ने, उन्हात नको, आंब्याखाली ने… आडवी धर, कुशीवर… आई! आई, चल. आई, उठ ना… अवो आई, हात दे… कोणी आहे का वो!… कोणी या ना, माझी आई उचलत नाही माझ्यानं!…

…

…

हॅलो. …हॅलो, भुवन?

…नीतू. तू आहे. …थांब. थांब, दम घेऊ दे मले. डोळ्यापुढं अंधारी येऊन राहिली.

…बाहेर काढलं. दोघींले काढलं. …प्राची अंगणात आहे, आंब्याखाली, मंदाबाईच्या मांडीवर. …आहे, आहे, श्वास आहे! उलट्या करून राहिली. डोळे उघडले तिनं, "मावशी" म्हणाली. …खरंच म्हणाली वं. अशा गोष्टीत खोटं बोलीन का मी?

…भुवन कुठं? …निघाला? फटफटीवर, एकटा? अठी पोहोचता पोहोचता त्याले अंधार पडंल. तो येऊन का करणार… 

…नाही, दूध नाही दिलं. तूपही नाही. काहीच नाही देत तोंडात, भुवननं नाही म्हटलं.

…नीतू, आता ऐक माझं. फोन ठेव.

…ठेव म्हणते. मले बिसरामले फोन लावायचा आहे, बाजूच्या गावच्या जीपवाल्याले. गावात आज एक गाडी नाही, सगळे पुरुष लोक शेतावर. मंदाबाईच्या पोट्ट्याले पाठवलं चैतरामले बोलवायले, पण चैतराम येऊन का दोघींले पाठीवर नेणार? जीप पाहिजे. बिसराम घरी असंल तर चहा होत नाही तेवढ्यात येईल. ठेव.

…तू ठेव आधी. फोन तू लावला आहे, तू ठेवल्याशिवाय अठून लाईन सुटत नाही. …मी ठेवून पाहू? बरं, पाहते.

…हॅलो? …तूच आहे अजून.

…कशी देऊ तिले फोन? ती अंगणात, वायर सपरीच्या बाहेर जात नाही. …बोलता नाही येत तिले आता, नीतू, उलट्या करून करून थकली. …बरं, ऐक. मी रिसिव्हर दाराकडं धरते. प्राची! ए प्राची, मम्मी आहे फोनवर!… ऐकलं? …ऐकू आलं का? रडून राहिली ना? जोरानं रडून राहिली. रडणं चांगलं आहे वं. रडते म्हणजे छातीत हवा आहे. आता ठेव.

…पुन्हा? पुन्हा ऐकून का होईल?

…तू लावते? बिसरामले? लाव ना मंग, नंबर लिही… लिहून राहिली का? …पेन कुठं आहे तुझं? …अवं, तुले हा एक फोन लावायले दुपार गेली. तुझ्यानं नाही व्हायचं. अठून लागते लगेच, बाजूचंच गाव आहे. तू फक्त ठेव.

…सरपंचाच्या घरचा फोन मेला आहे ना, वादळात तार तुटली तेव्हापासून. दुसरा फोन असता तर तुझ्या पाया पडली असती का मी?

…नाही. मी काही नाही लपवून राहिली.

…आई?

…आता आठवली तुले आई?

…नाही, नाही, तसं नाही. तोंडून निघालं माझ्या. मले तरी कुठं आठवली? मी आधी पोरीलेच उचललं. तुझी पोरगी, माझ्या भरवशावर ठेवलेली, तिलेच उचललं आधी. आई तठीच, बाजूले. मंग ओढली चादरीसकट. वेळ लागला, नीतू. हाताले धरली का हात सुटे. उंबरठ्यावर अडकली होती…

…सपरीत आहे. अठी, माझ्या पायाशी. फोनपाशीच निजवली, मले दोन्ही पाहता आलं पाहिजे म्हणून.

…नाही बोलत. …हलवलं. नाव घेऊन हाक मारली, रामबाई म्हणून. बाबा मारत होते तशी. नाही बोलत.

…श्वास आहे. थांबून थांबून येते. ओठ निळे पडून राहिले. नखंही. हात धरला आहे मी, थंड आहे. बाहेर एवढं ऊन, अन् हात थंड आहे तिचा.

…हव, मी. मीच ठेवली पोती. मीच दार लावलं, मीच पाणी टाकलं. शिव्या दे मले, जन्मभर दे, दारात उभी करू नको. सगळं ऐकीन. पण आता नको. आता फोन ठेव.

…मले माहीत आहे तुले भीती वाटून राहिली. फोन ठेवला अन् इकडं काही झालं तर कळणार नाही, हेच ना? …माझीही तीच गत आहे. तू गेली का मी एकटीच आहे अठी, तिच्याजवळ. मलेही नाही वाटत तू जावं. तरी म्हणून राहिली, ठेव.

…ठेवते ना? …हव. जीप लागली का मीच करीन फोन. हव, लगेच. हव, प्राचीचं सांगीन. ठेव… मी ठेवते, तूही ठेव.

…

…हॅलो?

…टोन नाही येऊन राहिला. तूच ऐकू येऊन राहिली मले.

…नीतू, बाई माझी. तुझी पोरगी रडून राहिली, ऐकलं ना तू? आता आपल्या आईसाठी ठेव.

…

…हॅलो?… हॅलो?

…नीतू, एवढ्या जोरानं रडू नको वं. चूप हो जरा. आईचा श्वास मले ऐकू नाही येऊन राहिला.